चौदाव्या मजल्यावरचे पडदे

आमच्या शहरात पडद्याची सुलटी बाजू रस्त्याकडे असते. ही रीत मी पाडलेली नाही, माझ्या आधीपासून आहे. वेलबुट्टी, रंग, चमक सगळं बाहेर, आणि घरच्या माणसांच्या वाट्याला अस्तर. स्वतःचे पडदे कसे दिसतात ते बघायचं तर चपला घालून रस्त्यावर जावं लागतं. सव्वीस वर्षं मी पडदे शिवते आहे, आणि लावून झाले की गिऱ्हाइकाला समोरच्या फुटपाथवर घेऊन जाते. तिथे उभं राहून ते आधी खिडकीकडे बघतात आणि मग इकडेतिकडे, आणखी कोणी बघतंय का म्हणून. कोणी बघत असलं तर माझं काम झालं.

हसू नका. आमची घरं रस्त्याला खेटून, खिडक्या माणसाच्या उंचीला. ज्याची ऐपत एकाच खिडकीची तो पुढची खिडकी सजवतो आणि मागच्या खोलीला जुनी चादर टांगतो. समोरच्या कंपाउंडरने गाडी घेतली, तर अंगणात जागा असून ती रस्त्यावर उभी असते. मीही त्यातलीच. माझ्या पुढच्या खोलीचे पडदे दर दोन वर्षांनी बदलतात, आणि मी आत मशीनवर बसून त्यांच्या अस्तराकडे बघत लोकांचे पडदे शिवते.

आता धाकटीबद्दल. धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. मी तिचा हेवा करते. हे सरळच लिहून टाकलेलं बरं, आडून लिहिलं तरी कळणारच आहे.

लग्न होऊन ती आली तेव्हा आम्ही सगळे एकाच घरात होतो. तीन वर्षं ती माझ्या शेजारी बसून पडद्यांचे घोळ दुमडायची, चुण्या मोजायची, कड्या बसवायची. हात बरा होता, जीभ मुळीच चालत नसे. सकाळी दूध आणायला घरातल्याच कपड्यांवर जायची, केस विंचरलेले नाहीत, पायांत माझ्या नवऱ्याच्या चपला. शेजारणी मला कोपऱ्यात घेऊन विचारायच्या, "घरात काही बरंवाईट झालंय का?" मी शरमेनं अर्धी व्हायचे. तिला सांगितलं तर ती म्हणायची, "ताई, दूधच तर आणायचं होतं."

सासूबाई तिच्यावर खूश. "धाकटीला काही लागत नाही," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. म्हणजे लागायचं कुणाला? मला. मला सोफा लागायचा, काचेचं कपाट लागायचं, पाहुणे यायच्या आधी नवे कप लागायचे. तीन वर्षांत त्या पोरीने एक वस्तू मागितली नाही आणि माझी प्रत्येक मागणी हावरट दिसू लागली.

मग दिराला मोठ्या शहरात नोकरी लागली आणि ती दोघं गेली. मला वाटलं, सुटले. पण दर वर्षी सुटीत ती यायची, आणि मी वर्षभरात घेतलेलं सगळं तिला दाखवायचे. फ्रिज उघडून दाखवला. सोफ्यावर बसवलं. नळाला गरम पाणी येतं ते हात धुवायला लावून दाखवलं. ती म्हणायची, "छान आहे हं, ताई." त्यात खोट नव्हती, हेच तर दुखणं होतं. खोट असती तर मी समजले असते की पोटात दुखतंय हिच्या. तिच्या पोटात काहीच दुखत नव्हतं. सगळं दुखणं माझ्याकडे.

मला एकदा, आयुष्यात एकदाच, तिच्या तोंडावर हेवा बघायचा होता. बाकी काही नको.

आणि गेल्या वर्षी दिराचा फोन आला. "वहिनी, फ्लॅट घेतला. पडदे तुमच्याच हातचे हवेत."

"रंग मी ठरवणार," मी म्हटलं.

"तुम्ही म्हणाल ते."

"कितवा मजला, भाऊजी?"

"चौदावा."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या खिडक्या रस्त्यावरून दिसतात, तर चौदाव्या मजल्यावरची खिडकी अर्ध्या शहरातून दिसणार. लोक खालून बोट दाखवतील, शेजारी हिला विचारतील, पडदे कुणाकडून, आणि हिला सांगावं लागेल, माझ्या जाऊबाईंकडून. मग तरी तिला कळेल माझ्या हातात काय आहे. मी हे बोलून दाखवलं तर आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "चौदाव्या मजल्यावर कावळे बघणार तुझे पडदे." ह्यांना कशातलं काही कळत नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

कापड आणलं ते दुकानदाराने वरच्या फळीवरून काढलेलं, गडद जांभळं, त्यावर सोनेरी वेल. मी त्या वेलीचं प्रत्येक पान जोडावर जुळवलं. दोन पट जोडतात तिथे पान तुटतं, आणि शंभरातल्या नव्वद शिवणाऱ्या ते तसंच सोडतात. मी सोडलं नाही. आठ खिडक्यांचे सोळा पट, दोन महिने. माझी मान धरली, गिऱ्हाइकं खोळंबली. अस्तराला नेहमीचं मांजरपाट लावलं, गाद्यांच्या खोळींना वापरतात ते. आतल्या बाजूला कोण बघतंय?

गठ्ठा घेऊन मी एकटीच गाडीने गेले. दाराशी धाकटी आली, तोच तिचा जुना सदरा, कोपरावर विटलेला. आणि घर बघून मला वाटलं अजून सामान यायचं आहे. मोठ्या खोलीत एक टेबल, एक बाक, खाली सतरंजी. भिंतीवर खिळासुद्धा नाही. "सामान कधी येणार?" मी विचारलं. दीर हसून म्हणाला, "वहिनी, आलं की सगळं." फरशी मात्र अशी की पाय ठेवायला जीव होईना, आणि नुसत्या त्या दाराच्या किमतीत माझं अख्खं स्वयंपाकघर झालं असतं. म्हणजे पैसा होता. फक्त तो कुठे लपवलाय ते शोधावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडदे लावले. दीर स्टूल धरून उभा. सुलटी बाजू बाहेर, दुसरं काही माझ्या हातून झालंच नसतं. शेवटची कडी सरकवली आणि सवयीने पाय फुटपाथ शोधू लागले. "दूध घेऊन येते," म्हणून मी लिफ्टने खाली उतरले, इमारतीसमोर जाऊन उभी राहिले आणि मान वर केली.

खिडक्याच खिडक्या. एकेक नखाएवढी. मी खालून मजले मोजले, नवव्यावर चुकले, पुन्हा मोजले. कुठेतरी काळपट काहीतरी दिसलं, ते पडदे होते की वाळत टाकलेली गोधडी, देव जाणे. माझ्याशेजारून माणसं जात होती, कानाला फोन लावून, समोर बघत. इतका वेळ एक बाई मान वाकडी करून उभी आहे तर तिच्याकडेही कुणी बघितलं नाही. शेवटी रखवालदार आला. "काही पडलं का वरून?" मी नाही म्हटलं. दूध आणायचं विसरून वर गेले.

वर दीर खोलीच्या मधोमध उभा होता. सकाळचं ऊन मांजरपाटातून आत येत होतं आणि पलीकडची वेल त्यावर सावलीसारखी पुसट उमटली होती.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं आम्हाला हे असंच हवं होतं? साधं, शांत. आणि बाहेरून उन्हासाठी ते गडद कापड लावलंत ना, ते तर फारच हुशारीचं."

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. दोन महिने, सोळा पट, एकेक पान, आणि ते काय, तर उन्हासाठी. सांगावं तर पाहुणीने दिराला त्याच्याच घरात मूर्ख ठरवायचं आणि वर आपण गावंढळ ठरायचं. धाकटीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि ती चहा टाकायला आत गेली. मी स्टूल उचलून जागेवर ठेवलं.

रविवारी त्यांच्याकडे लोक आले. ही तिथली मोठी माणसं, असं दीर कानात म्हणाला म्हणून, नाहीतर मी त्यांना नळदुरुस्तीला आलेले समजले असते. आमच्याकडे माणूस घरात काय आहे ते सांगतो. तिथे काय नाही ते सांगत होते. एकजण म्हणाला, आमच्याकडे टीव्ही नाही, आणि सूर तोच जो आमच्या कंपाउंडरचा गाडीच्या वेळी होता. दुसऱ्याने गाडी विकून टाकली होती आणि ते त्याने चहा संपेपर्यंत तीनदा सांगितलं. एक बाई होत्या, बाहीला शाईचा डाग, नंतर कळलं की दोन कारखान्यांच्या मालकीण. म्हणजे दाखवणं इथेही होतंच, फक्त दुकान उलटं मांडलेलं. हे लक्षात आल्यावर मला जरा बरं वाटलं.

त्या मालकीणबाई उठून खिडकीशी गेल्या, पडद्यावरून हात फिरवला. "कुठलं कापड हे?"

"मांजरपाट," मी म्हटलं.

"मांजरपाट," त्यांनी तो शब्द असा उच्चारला की जणू एखाद्या परदेशी अत्तराचं नाव. "मला असेच हवेत. अगदी असेच, दुसरा रंग अजिबात नको."

दीर फुलून गेला. सगळे माझ्याकडे बघत होते, सव्वीस वर्षांत इतक्या मोठ्या माणसांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं, आणि मला ते कौतुक घशाखाली उतरेना. माझी वेल त्यांच्यापासून बोटभर अंतरावर होती, पाठ करून. धाकटी बिस्किटांची ताटली घेऊन फिरत होती. तिचा चेहरा नेहमीसारखाच. मी ज्यासाठी आले होते ते तिथे नव्हतंच.

सोमवारी दुपारी माझी परतीची गाडी होती. दीर कामावर गेला होता. मी पिशवी भरत होते आणि धाकटी खिडकीशी गुडघ्यावर बसली होती, तोंडात सुई.

"ताई, इथे अस्तर घोळाच्या खाली आलंय अर्धं बोट. उचलून घेते."

माझा हात पिशवीतच राहिला. "काय म्हणालीस?"

"अस्तर. खाली आलंय."

"म्हणजे तुला कळलं होतं?"

"तीन वर्षं घोळ कुणाच्या शेजारी बसून दुमडले मी?" ती हसली. "तुम्ही पहिला पट वर चढवलात तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"ह्यांना आवडलं होतं. आणि सगळ्यांसमोर तुम्हाला कसंतरी झालं असतं."

मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिच्यावर जळायला इतक्या लांब आलेली, आणि हिने दोन दिवस माझी लाज राखली, तीही न सांगता. निदान चांगुलपणा तरी माझ्या वाट्याला ठेवायचा होता.

"उलटवून देते," मी म्हटलं. "गाडीला वेळ आहे. कड्या काढायच्या आणि घालायच्या."

"नको ना, ताई." तिने गाठ मारली, दोरा तोडला. "गॅलरीत या जरा."

गॅलरी म्हणजे मोठ्या खोलीच्या खिडकीबाहेरची अरुंद जागा, कपडे वाळत घालायची. तिथे उभं राहिलं की खिडकी बाहेरून दिसते, हातभर अंतरावरून. जांभळा रंग उन्हात पेटला होता. वेल एका पटातून दुसऱ्यात गेली होती, कुठे तुटली ते मला स्वतःलाही सापडेना.

"सकाळी कपडे वाळत घालायला येते तेव्हा इथे उभी राहते," धाकटी म्हणाली. "कालही, आजही. कपडे वाळत घालून झाले तरी आत जावंसं वाटत नाही. जोडावरचं प्रत्येक पान जुळवलंत तुम्ही. मला हे कधी जमलं नसतं."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. इतक्या वर्षांनी, इतक्या जवळून. त्यावर आनंद होता. हेव्याचा लवलेश नव्हता, मी नीट शोधला.

"अगं, मग भाऊजींना बोलव की इथे," मी म्हटलं. "त्या मालकीणबाईंना आण. दाखव त्यांना."

तिने माझ्याकडे वळून बघितलं. तिला खरोखरच प्रश्न पडला होता.

"कशाला?" ती म्हणाली.

माझ्याकडे उत्तर होतं. आमची अख्खी गल्ली उत्तर होती, एकूण एक खिडकी. पण त्या गॅलरीत उभं राहून मला त्यातलं एकही सांगता येईना. गाडी चुकेल म्हणून मी आत गेले, पिशवी उचलली आणि लिफ्टमध्ये शिरले. त्या घरातलं एकच काही मला उचलून आणता आलं असतं, तर फरशी नाही, दार नाही, मी ते "कशाला" आणलं असतं. चौदा मजले खाली येईपर्यंत मी तिचा हेवा करत होते, आणि अजून करते आहे.