राहीबाईची झोळी

पाथर्डीकडच्या त्या वाडीत चाळीस वर्षं बाळंतपणं केली ती राहीबाईने. काळ्यावर पांढरं तिला वाचता येत नव्हतं, पण हात हलका आणि तोंड फटकळ.

अठ्ठ्याण्णव सालच्या दसऱ्यानंतर माणसं ऊसतोडीला निघाली. पोरांची शाळा बुडू नये म्हणून एका संस्थेने त्यांच्यासाठी वसतिगृह काढलं. यादी करायला भारती आली, ती लॅपटॉप घेऊन. घरोघर फिरून तिने एकसष्ट नावं त्यात घातली. दुपारी यादी पाथर्डीला द्यायची, संध्याकाळी ट्रक सुटणार. यादीत नसलेलं पोर आईबापांबरोबर फडावर जाणार होतं.

यादी द्यायच्या दिवशी सकाळी भारती राहीबाईच्या पडवीत बसून यादी तपासत होती. यंत्राच्या आत एक चकती गरगर फिरते, सगळी नावं तिच्यावर असतात, असं तिने म्हातारीला सांगितलं. तेवढ्यात शेजारून हाक आली.

"मावशी, चालूच राहू द्या. तान्ह्या बाळासारखं जपा," म्हणून भारती तिकडे गेली.

राहीबाईने हात लावून पाहिलं. यंत्र ऊबदार होतं आणि बारीक कण्हत होतं. कण्हणारं तान्हं कुणी भुईवर ठेवतं का? तिने ते नातवाच्या झोळीत घातलं आणि झोके दिले. एक झोका जोरात गेला, झोळी पडवीच्या लाकडी मेढीवर आपटली. आतून करकर आवाज आला.

भारती परतली तेव्हा पडदा काळा होता.

"फिरत्या चकतीला धक्का सोसत नाही, मावशी. नावं गेली."

ती रागावलीसुद्धा नाही. राहीबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण रडत बसायला वेळ नव्हता.

"वही काढ," ती म्हणाली. "गोरक्षनाथाचा थोरला, पायाळू. त्याच्या पाठची निकिता, पोळ्याच्या दिवशीची. मग छबूबाईची जुळी..."

एकेक बाळंतपण आठवत ती नावं सांगत गेली. एकसष्ट झाली आणि भारतीने सुटकेचा निःश्वास टाकून पेन ठेवलं.

"आजून दोन हायती. रंगनाथच्या पोरी, नऊची आन् धाची. मोळ्या बांधायला लागत्यात, म्हून बापानं तुला सांगितल्या न्हाईत."

समोरच रंगनाथच्या दारात ट्रक उभा होता. दोघी पोरी त्यात भांडी चढवत होत्या. भारती घुटमळली.

"बाप नाही म्हणाला तर?"

राहीबाईने पदर खोचला आणि पडवी उतरली.

"तू लिही. रंगनाथबी माज्याच हातचा हाय. त्याला मी बघते."