चांदण्यांचे गुच्छ आणि व्यायला आलेली म्हैस

चांदण्यांचे फोटो म्हटल्यावर तुम्ही डोळ्यापुढं गळ्यात मफलर, जाड चष्मा आणि तोंडात सारखं ‘अथांग’ असा एखादा माणूस आणला असणार. तसला पायजे असंल तर पान उलटा. मी आवाज काढणारा पोरगा. डेअरीच्या सेक्रेटरीचा, शाळेतल्या पीटीच्या सरांचा, एस्टीच्या कंडक्टरचा, मागंल त्याचा काढतो. सगळ्यात जास्त हशा आईच्या आवाजाला. “आरं मुडद्या, जेवाय येतोस का ताट म्हशीफुडं ठेवू?” एवढं म्हटलं की कट्ट्यावरची पोरं लोळायची.

पण फोटोचा नाद खरा हाय. शिरोळकडं आमचा मळा, घर बी मळ्यातच. त्यामुळं अंधाराला तोटा न्हाई. गेल्या हिवाळ्यात ठरवलं, एकच रास धरायची. वृषभ. त्यातले तारकागुच्छ टिपायचे. तारकागुच्छ म्हंजे एकाच ढगातनं जन्मलेल्या चांदण्या, भावंडंच की. मोठी झाली की हळूहळू पांगतात. कृत्तिका सगळ्यांस्नी ठाऊक. रोहिणीजवळचा दुसरा गुच्छ बी साध्या डोळ्याला दिसतो. रोहिणी मात्र त्या घरची न्हाई, पावण्यासारखी मधी येऊन बसलीया. ह्या दोन्हींचे फोटो झालते. ऱ्हायला होता तिसरा, वृषभाच्या शिंगांच्या मधला, अंधुक.

माझं सामान म्हंजे एक जुना कॅमेरा आणि बिजागरीनं जोडलेल्या दोन फळ्या. फळ्यांच्या मधी लांब बोल्ट. पृथ्वी फिरती, त्यामुळं फोटोत चांदण्यांच्या रेघा उमटतात. म्हणून घड्याळाकडं बघत बोल्ट सावकाश फिरवत बसायचं, म्हंजे कॅमेरा चांदण्यांच्या मागनं जातो. हात थांबला की फोटो गेला. असले लई फोटो एकावर एक चढवले, तर कुठं अंधुक चांदणी वर येती.

त्या दिवशी अमावस्या होती. वडील, म्हंजे आप्पा, ऊस घेऊन कारखान्यावर नंबराच्या रांगेत अडकलेलं. घरात मी आणि आई, आणि गोठ्यात व्यायला आलेली म्हैस. पहिलंच वेत. हिची आई हिला वितानाच गेली, तवापासून आईनं हिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. त्यामुळं दोन रात्री आई गोठ्यातच बसून होती. डोळं सुजलेलं.

मी म्हटलं, “आई, तू आत पड. मी अंगणात जागाच हाय. बघतो की.”

“तू आभाळात बघणार का म्हशीकडं?”

“एक डोळा वर, एक खाली.”

“जरा जरी काय वाटलं तर उठीव. उठिवणार न्हवं?”

“व्हय गं.”

पाचसहा फोटो झाले असतील, तेवढ्यात गोठ्यात दावं ताणल्याचा आवाज आला. मी बोल्ट सोडून पळालो. म्हैस गरागरा फिरत होती. मागं दोन खूर दिसत होते. मी दारातनं आईला बघितलं. हातात बॅटरी तशीच धरून, भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपलेली. हाक तोंडापर्यंत आली. पण वाटलं, म्हशीचं बी तिच्या आईसारखंच झालं तर? ते आईनं दुसऱ्यांदा बघायचं? मी गुपचूप मागं फिरलो आणि जनावराच्या डॉक्टरांना फोन लावला. ते लांबच्या गावात होते. म्हणाले, “खुरांवर नाक दिसतंय न्हवं? मग वढू नको. तिला खाली बसू दे, कळा देऊ दे. भ्यालीय ती, शांत कर.”

शांत कशी करू? फोटोसाठी डोक्यावर बांधलेल्या लाल उजेडाच्या बॅटरीला ती आणखीच बुजत होती. बॅटरी बंद केली. “ए बाय,” म्हटलं, तर तिनं दाव्याला हिसका दिला. मग मला सुचलं ते एकच. आईचा आवाज.

पण कुठला? मला येत होता तो शिव्यांचा. कुणाचाबी आवाज काढायचा म्हंजे त्याचं मोठ्यानं बोललेलं उचलायचं, एवढंच मी शिकलेलो. म्हशीशी आई बोलती ते कधी उचललंच न्हवतं. ऐकलं मात्र रोज होतं, भिंतीपलीकडनं, अर्धवट झोपेत. लई हळू बोलती ती. वाक्य पुरं करत न्हाई. मधी दम घेती, कंबरेवर हात ठेवल्यासारखा. आमच्यापैकी कुणाशी ती तसं बोलल्याचं मला आठवत न्हाई.

अंधारात मी सुरू केलं. “हो बाय... हो... हाय मी... कुठं जात न्हाई...” पहिल्यांदा खोटंच वाटलं. मग आवाज खाली उतरला, दम बी आईसारखा मधी मधी घ्यायला लागलो. कोण हसणारं न्हवतं. म्हशीनं कान फडफडवल्याचं ऐकू आलं. फिरायची थांबली. थोड्या वेळानं पाय दुमडून बसली. मी बोलतच ऱ्हायलो, काय बोललो ते सगळं आठवत बी न्हाई. तिनं जोर केला, परत केला, आणि रेडकू घसरून कडब्यावर आलं. बॅटरी लावून माझ्या टॉवेलनं त्याचं नाकतोंड पुसलं. ते शिंकलं. रेडी होती. म्हैस वळून तिला चाटाय लागली.

तेवढ्यात दारात बॅटरी पेटली. आई. पांढरीफट. आधी म्हशीकडं बघितलं, मग रेडीकडं, मग खाली बसून रेडीच्या छातीवर हात ठेवला. हात तिथंच ठेवून सुरू झाली.

“मुडद्या! उठीव म्हटलं होतं का न्हाई? मी आत झोपलोय आणि गोठ्यात बी मीच बोलतोय! मला वाटलं मी मेलो आणि जीव म्हशीपाशी येऊन बसला! पाय आडवा आला असता म्हंजे? तुझ्या चांदण्या येणार हुत्या व्हय वढाय?”

“आई, तू दमलीवतीस म्हणून...”

“तुला कुणी इचारलं मी दमलोय का! आणि गप तिला फसवलंस माझ्या आवाजानं! आता उद्या मी हाक मारल्यावर त्या बिचारीनं वळखायचं कुणाला?”