वाळूची माणसं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर फार वाईट, त्याबद्दल वाचणाऱ्यानं माफ करावं. तसं हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. चार माणसांत तोंड उघडायला मला जमत नाही, म्हणून इथं लिहिते.

माझे थोरले दीर विजेच्या खांबावरच वारले. खालून सांगितलं होतं, लाइन बंद आहे. ती चालू होती. कमरेच्या पट्ट्यात अडकून ते बराच वेळ वर लोंबत राहिले, कारण माणसाला खाली कसं आणायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आमचे हे खालीच उभे होते. दोघं भाऊ एकाच ठेकेदाराकडे तारा ओढायला जायचे. त्या दिवसापासून ह्यांनी खांबाला हात लावला नाही. जाऊबाई आणि त्यांची लेकरं आमच्याच चुलीवर आली.

पुढं दिवस बदलले. साखर कारखान्यात उसाच्या भुशावर वीज करायचं निघालं, दूर डोंगरांवर पवनचक्क्या लागल्या. ठेकेदार म्हणू लागले, उंचीवरच्या कामाचं कार्ड दाखवा, मगच या. ते कार्ड देणारी एक कंपनी वडीगोद्रीच्या पुढं, रोडच्या कडेला, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये आली. अंगणात लोखंडी मनोरा उभा केला, खाली त्याच्या लाइनच्या स्विचची पेटी. वर चढायचं कसं, आग लागली तर करायचं काय, अडकलेला माणूस उतरवायचा कसा, हे शिकवायचे. ह्यांनी तिथं शिकायचं ठरवलं, पण फी आमच्या आवाक्यातली नव्हती. शहागडला माझा भाऊ असतो, त्यानं दिली. कार्ड मिळालं तर कारखान्यात कायमचं काम, नाहीतर दोन्ही घरांनी कोयता घेऊन ऊस तोडायला जायचं, एवढं सरळ होतं.

कंपनीला उतरवायच्या सरावासाठी माणसं लागत. म्हणजे बारदानाची, आत वाळू आणि लाकडाचा भुसा भरलेली, खऱ्या माणसाच्या वजनाची. माझ्याकडे शिलाई मशीन होती, म्हणून ते काम मला लागलं. शिकवणारे सर शहरातले. ते म्हणाले, "ह्यांना गावातले जुने कपडे घाला."

आमच्याकडे जुने कपडे धड राहत नाहीत. फाटले की गोधडीत जातात. धड राहतात ते फक्त मेलेल्या माणसाचे. ते घरात कोणी अंगाला लावत नाही, गोधडीतही घेत नाही. बोचकं बांधून माळ्यावर पडलेलं असतं. कंपनीनं कपडे मागितले तेव्हा घरोघरची तीच बोचकी आली.

सरांना हे माहीत नव्हतं. शिकणाऱ्यांना पहिल्याच दिवशी कळलं.

"आरं, हे तर आमचं म्हातारं! खांद्यावर घेतलं तर शिव्या देईल."

"मंग? जितेपणी काय कमी दिल्या?"

हसले, पण उचलताना तो पोरगा हळूच म्हणाला, "आबा, पाय जरा वर घ्या." मग सगळेच तसं बोलू लागले. कोणी काका म्हणे, कोणी मामा.

संध्याकाळी त्या माणसांना शेडमध्ये आकड्यांना टांगून ठेवत. रोडवरून ट्रक गेला की वाऱ्यानं सगळी एकदम वळायची आणि ट्रक लांब गेल्यावरही सावकाश फिरत राहायची. तोंडं मी त्यांना केली नव्हती. तरी पाठ करून शिवायला बसवेना. मी मशीन फिरवून त्यांच्याकडे तोंड केलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊबाई कंपनीत आल्या. पदराखालून निळा शर्ट काढला. थोरल्या दिरांचा.

मी म्हणाले, "बाई, हे ह्यांना बघवायचं न्हाई."

"बघू दे. लई येळ लटकून राह्यले ते. एकदा तरी कोणी बराबर उतरवा त्यांना." मग ह्यांना बोलावून म्हणाल्या, "भाऊजी, उद्या वर हा शर्ट आहे. आधीच सांगते."

हे खाली बघून दोरी गुंडाळत राहिले.

दुसऱ्या दिवशी मनोऱ्याच्या टोकाला निळा शर्ट लोंबत होता. सरांनी शिट्टी वाजवली. हे जागचे हलेनात. मला वाटलं, संपलं, आता कोयताच. जाऊबाई तारेच्या कुंपणाबाहेर उभ्या होत्या. मग हे वळले, ते मनोऱ्याकडे नाही, स्विचच्या पेटीकडे. स्वतः स्विच पाडला, कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. परत येऊन वर बघितलं आणि म्हणाले, "दादा, आलो बरं का." आणि चढले.

दोरी लावताना वाळूच्या माणसाचा हात ह्यांच्या मानेवर पडला आणि खाली येईपर्यंत तिथंच राहिला. हात मी सरळ शिवले होते. वाऱ्यानं पडला असेल. खाली टेकवल्यावर मी शर्टाला हात लावला, तर अंग कोमट. दिवसभर ऊन होतं, वाळू तापते, हे मला कळतं. तरी मी हात झटकन मागं घेतला. जाऊबाईंनी घेतला नाही. त्यांनी बटणं सारखी केली आणि डोकं मांडीवर घेऊन बसल्या.

सर म्हणाले, "वेळ फार लागला. पण कुलूप लावायला आजवर कोणी गेलं नव्हतं. पास." मग हळू आवाजात विचारलं, "ह्या बाई का रडतायत?"

पोरांनी सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी शहरातून कोरे कपडे मागवले. जुने सगळे आम्ही शहागडला गोदावरीत सोडले. निळा शर्ट बराच वेळ पाण्यावर फुगून राहिला, बाह्या पसरून, आणि प्रवाहात असूनही पुढं जाईना. जाऊबाई म्हणाल्या, "जा आता. उतरवलंय तुम्हाला." मग तो गेला.

हे कारखान्यात लागले. चढायच्या आधी अजून वर बघून काहीतरी पुटपुटतात, असं सोबतचे सांगतात. मी विचारत नाही. पगारातून भावाचे पैसे थोडे थोडे देत आलो. ह्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर राहिलेली रक्कम मी त्याच्या हातात ठेवली.

"अगं, आज मी द्यायचं असतं."

"ते दे की. पण हे घे."

त्यानं नोटा मोजल्या, खिशात घातल्या आणि म्हणाला, "फिटले सगळे."