मनूआत्याची गाठ

दुपारच्या जेवणानंतर आरामखुर्चीत पापण्या जड होतात, तेव्हा मेंदूतला परीक्षक सर्वांत आधी झोपतो. चित्रकार जागाच राहतो. हे आरंभीच नोंदवतो, कारण समोरच्या स्टुलावर आता मनूआत्या बसलेली आहे आणि ती गेल्या वर्षी वारली आहे.

मनूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. रोज हाताला एखादे नवे कसब शिकवल्याखेरीज ती रात्री जेवत नसे. सायकलचे पंक्चर काढणे, पत्रावळी लावणे, दाढीचा वस्तरा परजणे. दोन बोटे तोंडात घालून शिट्टी वाजवणे हे तिचे शेवटचे शिक्षण. ते अर्धवट राहिले. दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढले, नातेवाइकांना भूक लागली, आणि कुणीतरी काहीतरी कबूल करा, असे गुरुजी म्हणाले. मी निवृत्त धातुशास्त्रज्ञ. केवळ प्रयोग म्हणून पुढे झालो आणि आत्याचे रोजचे शिकणे चालवण्याचे वचन दिले. कावळा उतरला. एका निरीक्षणावरून मी निष्कर्ष काढत नाही. नातेवाइकांनी काढला आणि ते जेवायला बसले.

"आज काय शिकलास?" आत्या विचारते.

कांगारूच्या पचनसंस्थेवर लेख वाचल्याचे मी सांगतो.

"आणि हाताला काय शिकवलंस?"

हाताने पाने उलटली होती. तेही सांगतो.

स्टूल आता घाटाच्या पायरीवर आहे आणि पायरी माझ्या जुन्या प्रयोगशाळेत. भट्टी पेटली आहे. तराजूच्या पारड्यात कावळा बसला आहे, त्यामुळे वजन स्थिर होत नाही. मला एवढेच खटकते.

आत्या तक्रार करते की तिकडे सगळ्यांना सगळे येते, म्हणून कुणी कुणाला काही शिकवत नाही. तिच्या वाट्याला येते ते फक्त मी इथे शिकेन तेवढे.

"पिंड कावळ्यानं खाल्ला. मला तुझा शब्द आला. आणि वर्षभर तू नुसते लेख पाठवतोयस, मुकुंदा. हे बघ."

ती हात पुढे करते. बोटांच्या आरपार मला भट्टीचा जाळ दिसतो.

"पंक्चर विसरले. वस्तरा विसरले. शिट्टीची ही दोन बोटं तेवढी उरलीत. ती गेली की मीही गेले."

मानवी ऊती अशा पारदर्शक होत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी मी विचारतो, "काय शिकू?"

आत्या माझ्या पायजम्याच्या नाडीची टोके उचलते. मी संकोचतो.

"लाजतोस कशाला? तुझा लंगोट मीच बांधत होते."

ती नावाड्याची गाठ दाखवते: फास, त्याखालून टोक, पुन्हा उलटा वेढा. मी चुकतो. ती माझ्या हातावर चापट मारते. मी पुन्हा करतो, आणि माझ्या बोटांना जमते तसतशी तिची बोटे दाट होत जातात. जाळ दिसेनासा होतो.

"सोडवायची कशी?"

"ते उद्या."

दोन बोटे तोंडात घालून ती अशी शिट्टी मारते की कावळा उडतो.

मी जागा होतो. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आहे. स्वप्नाला बाहेरचा आवाज चिकटतो, यात नवल नाही. पण पायजम्याच्या नाडीला नावाड्याची गाठ आहे. आयुष्यभर मी सुरगाठच मारत आलो. झोपेत हात हलतात. एवढे स्पष्टीकरण माझ्यापाशी आहे, ते पुरेसे आहे, आणि गाठ सुटत नाही.

नीलिमा, माझी पत्नी, दारात येऊन माझी खटपट पाहते.

"कात्री देऊ?"

"नको. सोडवायला उद्या शिकायचं आहे."

"जेवताना दोन पेले ताक प्यायलात," ती शांतपणे म्हणते. "उद्यापर्यंत थांबाल?"

प्रश्न शास्त्रशुद्ध आहे. मी कात्रीला पुन्हा नकार देतो, चष्मा लावतो आणि उद्याचा पाठ आजच सुरू करतो.