जुन्या सालाचे पुठ्ठे

"वाचू नका, पन चोयामोया करू नका."

कागद पुढे करताना नाना एवढंच म्हणायचे. वाचला नाहीत तरी चालेल, फक्त चोळामोळा करून फेकू नका. पांडेसऱ्याच्या नाक्यावर, मिलची पाळी सुटायच्या वेळी ते उभे राहत. डावा हात पुढे, उजवा पाठीमागे. उजव्या हाताची दोन बोटं रंगाच्या मिलमधल्या रोलरने नेली होती, आणि ती नसलेली बोटं लोकांना दाखवणं त्यांना बरं वाटत नसे. तुम्ही सुरतेत राहिला असाल, तर असा येशूचे कागद वाटणारा कुणीतरी तुम्हीही पाहिला असेल आणि त्याच्याकडे न बघता पुढे गेला असाल. मीही तशीच जात असे, पण नाना आमच्याच गल्लीत, माझ्या समोरच्या खोलीत राहायचे. मग न बघून जाणार कुठे?

मी साड्यांना फॉल-बीडिंग करते. माझं मशीन दारातच असतं, त्यामुळे गल्लीत काय चाललंय ते मला कुणी सांगावं लागत नाही. नाना आणि त्यांची बायको, म्हणजे आमची जिजी, दोघं धुळ्याकडची. सगळी गल्लीच तिकडची. बोटं गेली तेव्हा नाना दवाखान्यात एकटे पडून होते. जिजी गावी बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती आणि आम्ही सगळे आपापल्या पाळीत. तेव्हा येशूच्या मंडळीतला कुणी एक माणूस रोज त्यांच्या उशाशी येऊन बसायचा. बोलायचा कमी, बसायचा जास्त. दवाखान्यातून नाना घरी आले ते येशूला घेऊनच. जिजीने आपले देव हलवले नाहीत. एका भिंतीवर सप्तशृंगी, समोरच्या भिंतीवर येशू, आणि मध्ये दोघांची भांडणं.

मंडळीने नानांना एकदा एक भोंगाही दिला होता. त्यात येशूकडे बोलावणारा आवाज भरलेला होता. तो भोंगा बिघडला आणि "आओ, आओ" एवढंच ओरडत राहिला. नाक्यावरच्या भाजीवाल्या बाईने नानांना जवळ बोलावून विचारलं, "भाऊ, काय विकताय ते तरी सांगा!" नाना स्वतःच इतके हसले की भोंगा बंद करायचंही विसरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो परत देऊन टाकला.

रंगखात्यातून सुटलेल्या माणसांचे हात निळे, लाल, जांभळे असत. त्यांनी घेतलेले कागद थोड्या अंतरावर तसल्याच रंगाचे गोळे होऊन पडलेले दिसत. कुणी त्यात तंबाखू बांधायचं, कुणी सायकलची सीट पुसायचं. गर्दी ओसरली की नाना ते गोळे उचलायचे, मांडीवर ठेवून तळहाताने सपाट करायचे आणि पिशवीत घालायचे. मी एकदा म्हटलं, "नाना, हे आता कुणाला देणार?" ते म्हणाले, "कोनले नही. पन असं रस्तामां नको पडाले."

आणि एक खोड होती. खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही. एकदा एका गिऱ्हाइकाची साडी माझ्याकडून झाली नव्हती. बाई गल्लीच्या तोंडाशी दिसली तशी मी आत पळाले आणि ओट्यावरच्या नानांना म्हटलं, मी नाही म्हणून सांगा. नानांनी सांगितलं, "त्या घरात आहेत, पण साडी झाली नाही म्हणून लपल्यात." बाई हसत सुटली, मी दाराआड घामाघूम. दोन दिवस मी नानांशी बोलले नाही. ते मात्र रोज सकाळी, "राग उतरना का?" म्हणून विचारून जायचे.

घर चालायचं ते जिजीच्या कामावर. पर्वत पाटिया भागातल्या एका शेठच्या गोदामातून टेम्पो यायचा, साड्यांचे गठ्ठे टाकून जायचा. धागे कापायचे, साडीची घडी घालायची, घडीत पुठ्ठा सरकवायचा म्हणजे साडी ताठ राहते, मग पिशवीत भरायची. जिजी ते काम गल्लीतल्या आठ-दहा बायकांना वाटून द्यायची. शेठ फक्त तिला ओळखायचा. तिचं काम म्हणजे आमच्या सगळ्यांचं काम.

खोली एवढीशी. त्यात साड्यांचे गठ्ठे, आणि खाटेखाली नानांचे पुठ्ठे. मंडळी दर साली जाड पुठ्ठ्याची कॅलेंडरं वाटायला देत असे. एका बाजूला खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ, म्हणजे येशूच, त्याखाली दमल्याभागल्यांना या म्हणणारी ओळ आणि बारा महिने, दुसरी बाजू कोरी. साल संपलं की उरलेली कॅलेंडरं नाना खाटेखाली ठेवायचे. देवाचं नाव असलेलं काही रद्दीत द्यायचं नाही. असे कितीतरी सालांचे पुठ्ठे जमले होते.

जिजी ओरडायची, "वरीस सरनं, आते या पुठ्ठास्नं काय करू? डोकावर ठेवू?"

"वरीस जुनं व्हस, देव जुना व्हस का?"

"देव जुना नही व्हस, पन जागा लागस ना त्याले!"

आम्ही बायका घडी घालता घालता हसून लोटपोट व्हायचो.

मग ती लगनसराई आली. टेम्पोने नेहमीपेक्षा दुप्पट माल टाकला आणि पुठ्ठे टाकले कमी. संध्याकाळी माल न्यायला टेम्पो येणार होता. गोदामात कुणी फोन उचलेना. नाना नाक्यावर गेलेले. जिजीने खाट बाजूला सरकवली, जुन्या सालांचे पुठ्ठे काढले आणि मापात कापायला घेतले. कोरी बाजू वर, चित्र आत. तिला अक्षर ओळखता येत नाही. तिच्या हिशेबी तो चांगला, जाड, फुकट धूळ खाणारा पुठ्ठा होता. आमच्यातही कुणाला त्यात वावगं दिसलं नाही, उलट खाटेखालची जागा मोकळी झाली म्हणून आम्ही खूश. टेम्पो भरून गेला.

नानांनी घरी येऊन खाटेखाली पाहिलं. जिजीने सांगून टाकलं. मला वाटलं आता भांडण होणार. नाना खाटेवर टेकले आणि हळूच म्हणाले, "चोयामोया नही केले ना? मंग जाऊ दे." त्यांच्या चेहऱ्यावर अगदी बारीकसं हसू होतं.

तो माल गेला एका देवस्थानाच्या गावी. तिथल्या दुकानात त्या साड्या देवीच्या ओटीसाठी विकल्या जात. ओटी भरताना कुणीतरी साडी उलगडली आणि देवीच्या समोर मेंढपाळ निघाला. तिथे काय झालं असेल ते तुम्हीच समजा. कुणी फोनवर चित्र काढलं, ते इकडे पोचलं, आणि शेठ स्वतः गाडी घेऊन आमच्या गल्लीत आला. सोबत आडदांड अशी चार पोरं. शेठ माणूस वाईट नव्हता, पण घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाचा आवाज फार मोठा असतो.

"ये किसने डाला?"

गल्ली दारात उभी. जिजीचा चेहरा पांढरा पडलेला. तिने नाव घेतलं की काम गेलं, तिचंही आणि आमचंही. वर पोरं म्हणत होती की मुद्दाम प्रचार केलाय, पोलिसात द्या. पुठ्ठे कमी पडले म्हणून घातले, हे कुणाला पटणार होतं? मलाही ते ऐकायला खोटंच वाटलं असतं.

जिजीने तोंड उघडलं, तेवढ्यात नाना पुढे झाले. उजवा हात पाठीमागे धरून म्हणाले, "सेठ, मैंने डाले. घरवालीको कुछ मालूम नहीं."

आम्हा सगळ्यांना माहीत होतं की त्या हाताने नानांना साडीची एक घडीही धड घालता येत नाही. शेठला ते माहीत नव्हतं. आम्ही कुणी काही बोललो नाही. बोललो असतो तर जिजी अडकत होती, नाही बोललो तर नाना अडकत होते, आणि दोन्हीकडून आम्ही होतोच. मला आजही त्या दिवसाचा राग येतो, पण कुणावर काढावा ते कळत नाही.

शेठने जिजीकडे पाहिलं. तिच्यासारखी सफाईदार घडी त्याला दुसरीकडे मिळाली नसती. तो म्हणाला, पोलिसात देत नाही, बाईचं काम चालू राहील. पण पुन्हा नाक्यावर दिसायचं नाही, आणि जिथे माझा माल असेल त्या छपराखाली हा माणूस राहायचा नाही. पोरांनी नानांची कागदांची पिशवी आणि उरलेसुरले पुठ्ठे उचलून नेले. परत आलेल्या साड्या जिजीने पुन्हा उलगडल्या, मेंढपाळ काढून दिले आणि शेठचे कोरे पुठ्ठे घातले. पोरांतला एक जण शेवटची साडी होईपर्यंत दारात उभा होता.

नाना सुरतेबाहेर इच्छापोरला गेले. तिथे एका कारखान्याच्या फाटकावर ठेकेदाराने त्यांना रखवालदार ठेवलं, राहायला फाटकाजवळची टपरी. मी जिजीबरोबर एकदा डबा घेऊन गेले. पत्र्याची एवढीशी जागा, त्यात खुर्ची, काठी आणि नाना. भिंतीवर काहीच नव्हतं. काही लावायचं नाही, असं ठेकेदाराने सांगून ठेवलं होतं.

"मंडळीतला भाऊ येऊन गेला," नाना म्हणाले. "शाबासकी देऊन गेला. म्हने, काय अक्कल लढवली, साडीतून वचन पोचवलं! मी मान खाली घालून बसलो." मग म्हणाले, "मंडळीत प्रार्थनेला सगळ्यांसमोर आपली चूक सांगायची रीत आहे. मी दर रविवारी उठतो आणि परत बसतो."

जिजीचे डोळे भरले. "मी सांगी देस शेठले. होऊ दे काय व्हस ते."

"आनि बाकीन्या बाया?" नाना माझ्याकडे बघून म्हणाले. मी डब्याचं झाकण लावत बसले.

निघताना एका कामगाराने बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरगाळून फाटकात टाकला. नाना उठले, तो उचलला आणि बोलता बोलता मांडीवर सपाट करू लागले. त्यावर देवाचं नाव नव्हतं की काही नव्हतं. सपाट करत करतच त्यांनी विचारलं, "पुठ्ठे पुरतस ना आते?"

जिजी फाटकाबाहेर येऊन रस्त्यातच खाली बसली आणि रडली.

नाना गेले ते तिथेच, तापाने. त्या दिवशी जिजीच्या खोलीत शेठचा माल पडलेला होता. शेठला फोन करून विचारायचं कुणाला सुचलं नाही, किंवा कुणाला विचारायचं नव्हतं. आम्ही बायकांनी सगळे गठ्ठे उचलून आपापल्या घरात नेले. खोली पूर्ण रिकामी केली. मग नानांना आत आणलं. थोड्या वेळाने मंडळीची माणसं आली आणि त्यांना मातीसाठी घेऊन गेली. गठ्ठे पुन्हा जिजीकडे गेले, कारण संध्याकाळी टेम्पो यायचा होता.

काही दिवसांनी जिजीने मला हाक मारली. ट्रंकेतली तिची एकुलती एक चांगली साडी काढली आणि घडी उघडली. आत मेंढपाळ होता. पोरगं दारात उभं असताना तिने तो कसा लपवला कोण जाणे. एका कडेला कात्री तिरकी गेली होती, बाकी एक सुरकुती नव्हती.

"आयुष्यात एकच खोटं बोलना तो," जिजी म्हणाली. "तेबी मन्हासाठी."

मी पुठ्ठा हातात घेतला आणि विचारलं, "काय लिहिलंय ते वाचून दाखवू का?"

"नको वाचू," ती म्हणाली. माझ्या हातातून तो घेऊन तिने मांडीवर ठेवला, तळहाताने एकदा पुसला, आणि साडीची घडी पुन्हा घातली.