जेवणाची वेठ

माझ्या मांडीवर धोंडे ठेवत होते.

भाताच्या वखारीतला मोठा काटा इनामदाराच्या अंगणात आणून टांगला होता. एका पारड्यात इनामदार, खाली गादी घालून. दुसऱ्यात मी, नुसत्या लंगोटीवर. माझं पारडं वर हवेत. पट्टेवाला एकेक धोंडा उचलून माझ्या मांडीवर ठेवायचा आणि काट्याकडे बघायचा. काटा हलायचा नाही. ओटीवरची पाहुणेमंडळी पान खात हसत होती.

"अजून टाक रे. वारा सुटला तर उडून दाभोशाच्या कड्याखाली जायचा."

"डॉक्टर, त्यापेक्षा धोंड्यांनाच जेवायला घाला. ते तरी लवकर फुगतील."

मीही हसलो. तेच आधी लिहून टाकतो. मांडी ठेचली जात होती आणि मी हसत होतो.

आमच्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात तेव्हा वेठ होती. अजून आहे. पट्टेवाला पाड्यावर यायचा, ज्याच्याकडे बोट करायचा त्यानं निघायचं. लाकूड वाहा, घर शाकार, पालखी उचल, शिकारीत रान उठव. मजुरी नाही. मी सगळं केलं होतं. त्या पावसाळ्यात पट्टेवाल्यानं माझ्याकडे बोट केलं तेव्हा माझ्या सासऱ्यानं विचारलं, "काम काय हाय, दादा?"

"जेवायचं."

पाडा हसून लोळला. "आमाला लाकडांची वेठ अन् जावयाला जेवणाची!" मी सासऱ्याकडे घरजावई होतो. बायको, रखमी, पोटुशी होती. तीही तोंडाला पदर लावून हसली. तिचं ते शेवटचं हसू मी पाहिलं. पुढं हसली असेल. माझ्यासमोर नाही.

इनामदाराचं अंग इतकं सुटलं होतं की बसला तर दोघांनी धरून उठवावा लागे. त्याचं अंग उतरवायला मुंबईहून डॉक्टर आला होता, विलायतेत शिकलेला. तो या अंग सुटण्याच्या रोगावर काही मोठं लिहिणार होता. त्याला एक गोष्ट शोधायची होती. लठ्ठपणा रक्तातून येतो, जातीतून येतो, की ताटातून? म्हणून त्यानं ताटं बदलली. इनामदाराला आमची नागलीची भाकर, अंबील, बिनतेलाचा पाला. वर रोज शिरपामाळापर्यंत चालणं. तो चालायचा, मागून वेठीचे दोघे खुर्ची घेऊन चालायचे. मला त्याचं ताट. पुऱ्या, तूप, बासुंदी, पांढरा भात. चालायचं नाही, लाकूड फोडायचं नाही, घरी जायचं नाही. गोठ्याच्या पडवीत बसायचं, खायचं, निजायचं.

वाढणारी बाई वरून पत्रावळीत टाकायची. कधी नीट पडायचं, कधी शेणात जायचं.

आमच्यात एक रीत आहे. शिकार मिळो, मासे मिळोत, मधाचं पोळं मिळो, पाड्यातल्या प्रत्येक घराला वाटा. पोटुशी बाई असली तर तिला दोन वाटे, एक तिचा, एक पोटातल्याचा. न वाटता खाल्लेलं अंगी लागत नाही, असं म्हातारी माणसं सांगायची. पहिल्याच दिवशी मी दोन पुऱ्या फडक्याच्या टोकाला बांधल्या. पट्टेवाल्यानं पकडलं. डॉक्टर आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो समजावत बसला.

"अरे, तू पुरी दिलीस की माझा हिशेब चुकला. सगळं तुझ्याच पोटात गेलं पाहिजे. कळलं?"

मी मान हलवली. त्या दिवसापासून फडकं काढून घेतलं. जेवण झालं की पट्टेवाला जबडा उघडायला लावायचा, गालात बोट घालून बघायचा. सकाळी मडकं पुढं ठेवायचे. माझी शीसुद्धा तोलून ठेवायचे. माझ्या अंगातून आत काय गेलं आणि बाहेर काय आलं, सगळं त्यांचं. मधला मी तेवढा कोणाचा नव्हतो.

खोटं कशाला लिहू. जेवण गोड लागत होतं. बाहेर पाऊस लागून राहिला होता, पाड्यावर रानातले कांद खणून, उकडून पोट भरायचे दिवस, आणि मी दुसऱ्या पत्रावळीची वाट बघत होतो.

आता ती गोष्ट. ती मी कोणालाच सांगितली नाही.

इनामदाराला नागली उतरेना. बाजारची नागली जुनी, खड्याची. तो भाकर फेकायचा. डॉक्टर चिडला. एक दिवस माझ्यासमोर उभा राहून त्यानं विचारलं, "चांगली नागली कुठं मिळेल रे?"

मला कोणी काही विचारलं असं त्या घरात तोवर घडलं नव्हतं. माझी छाती फुगली. म्हटलं, "सायब, आमच्या पाड्यावर या. सासऱ्याच्या कणगीत हाय. लाल, टपोरी. हातात घेतली तर झळकते. अशी जव्हारात नाय मिळायची."

माझीच जीभ. कोणी मारलं नव्हतं, पिळलं नव्हतं. आपल्या नागलीचा मोठेपणा सांगितला, बस.

दुसऱ्या दिवशी गाडी गेली. ती कणगी म्हणजे साऱ्या पाड्याचं पावसाळ्याचं पोट. सासऱ्याच्या घरात होती, पण त्याची एकट्याची नव्हती. तळ खरवडून आणली. इनामदाराच्या घरी ती चाळली, चाळून निवडक दळली, उरलेली घोड्यापुढं ओतली. मी पडवीतून बघत होतो. घोडा खात होता. मीही खात होतो.

पाऊस उणावला तेव्हा काटा पुन्हा टांगला. इनामदार उतरला होता. गालफडं आत गेली होती, स्वतःच्या पायानं पारड्यात चढला. माझ्या बाजूचे धोंडे कमी लागले. डॉक्टरनं पाहुण्यांसमोर माझ्या पोटाची वळी चिमटीत धरली.

"पाहा, इथं चरबी धरली. म्हणजे यांचं शरीर आणि आपलं शरीर, यंत्र एकच. जातीचा काही संबंध नाही. अन्नाचा आणि श्रमाचा खेळ आहे सगळा."

पाहुणे वाहवा म्हणाले. डॉक्टरनं हाक मारली, "पाणी आणा." माझ्या पोटाला लागलेले हात त्यानं साबण लावून धुतले. दोनदा.

मी पारड्यातच बसून होतो. ते पाणी अंगणातून वाहत माझ्यापर्यंत आलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्ही जन्मानं काटकुळे नाही. देवानं आम्हाला असं घडवलं नाही. आम्हाला बारीक ठेवलंय. ताटात मोजून वाढावं, तसं मोजून ठेवलंय. डॉक्टर ते स्वतःच्या तोंडानं बोलला होता आणि त्यालाच ऐकू आलं नव्हतं.

सोडल्यावर पाड्यावर गेलो. सुटलेलं पोट हातानं झाकत गेलो. कणगी उताणी पडली होती. कोणी हसलं नाही. कोणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर पाय धरले असते. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून खणून आणलेले कांद उकडले, वाटे पडले. सासऱ्यानं एक वाटा माझ्यापुढं सरकवला.

"माना नको, बाबा."

"तुजा हाय. तू नव्हतास तवाबी रोज काढत होतो. रखमी खायची तो." वाटा आणखी पुढं सरकवत म्हणाला, "तेवढ्यावर तगली."

रखमीनं माझ्या पोटाकडे बघितलं, मग आपल्या. पोर झालं ते मुठीएवढं. तिला दूध आलं नाही. नवी नागली कापायच्या आधीच ते गेलं. कणगीचं कोणी सांगितलं, हे सासऱ्यानं मरेपर्यंत विचारलं नाही. रखमीनंही नाही. त्यांना ठाऊक होतं, असं मला वाटतं.

पुढच्या पावसाळ्यात पट्टेवाला पुन्हा आला. इनामदाराचं अंग परत सुटलं होतं.

"चल, जावई. जेवायला."

"नाय येत."

"जेवायला नाही म्हणतोस? मग लाकडं वाहायला चल."

"त्यालाबी नाय."

काठी बसली. हात मोडला. तो वाकडाच जुळला. त्या हातानं पुढं अक्षरं गिरवली, त्याच हातानं हे लिहितोय.

आता इनामदार मेलाय. त्याच्या पोराचं अंग सुटलंय. परवा त्या घरचा माणूस पाड्यावर आला. गोड बोलला, मला काका म्हणाला, खाटेवर बसला. "काका, तुमच्याकडची ती लाल नागली हवी होती. कुठं ठेवता हल्ली?"

नागली आहे. औंदा कणगी गळ्यापर्यंत भरलीय. कुठं आहे ते पाड्यातल्या सगळ्या घरांना ठाऊक आहे, त्याला नाही. मी सांगेना तसा त्याचा आवाज चढला, उद्या काठ्यावाले घेऊन येतो असं सांगूनच गेलाय.

येऊ देत. मी दारात बसलोय. एक हात वाकडा आहे, दुसरा सरळ आहे. जीभ माझीच आहे, आणि ती आता त्यांच्यासमोर हलणार नाही.