लहू सरांचा राजीनामा

लहू सरांनी राजीनामा दिल्याचं मला कॉलेजच्या ईमेलवरून कळलं, आणि तो वाचून आधी मी सुटकेचा निःश्वास सोडला, कारण त्यात माझं नाव नव्हतं. लिहिताना लाज वाटते, पण खोटं बोलणं आधीच पुरेसं झालंय. मी त्यांचा भक्त होतो. तीन वर्षांत एकही मॅच चुकवली नव्हती.

इथे हॅमिल्टनमध्ये हायस्कूललाच कॉलेज म्हणतात. तिथल्या मुलींच्या फुटबॉल टीमचे लहू गायकवाड हे कोच, तेही फुकटात. पोटापाण्यासाठी दूध पावडरच्या कारखान्यात शिफ्ट. मूळचे कोल्हापूरचे, तालमीच्या फुटबॉल संघातून खेळलेले. आम्ही पालक गाडीत हीटर लावून बसायचो आणि हा माणूस चिखलात उभा राहून ओरडायचा, "अगं पळ की! हाण!" गोऱ्या आणि माओरी पोरीही एकमेकींना "हाण!" म्हणू लागल्या. हाफटाइमला संत्र्याच्या फोडी, वर तिखटमीठ. पहिल्या वर्षी पोरींनी तोंडं वाकडी केली, दुसऱ्या वर्षी डबा पुरेना.

माझी सिद्धी सुरुवातीला बॉल अंगावर आला की डोळे मिटायची. सर एकदाही रागावले नाहीत. सराव संपला की अर्धा तास थांबून हातानं हळूहळू बॉल टाकत राहायचे, अख्खा हिवाळाभर. पुढे तीच बचावफळी सांभाळायला लागली. मी शिकवायला गेलो असतो तर पाचव्या मिनिटाला माझं डोकं फिरलं असतं.

गेल्या सीझनला एका मॅचमध्ये सिद्धीच्या डोक्याला मार बसला. तीन आठवडे खेळ बंद आणि परतताना डॉक्टरांचा कागद, असा इथला नियम. तीन आठवडे झाले, पोरगी ठणठणीत दिसत होती. शनिवारी सेमीफायनल आणि डॉक्टरांची वेळ मिळाली मंगळवारची! मी वैतागून पुण्याला साडूंना व्हिडिओ कॉल लावला. साडू डॉक्टर आहेत. कातडीचे. "हसतेय की छान, खेळू दे," ते म्हणाले. लगेच मी गाडीतूनच सरांना फोन केला.

"डॉक्टरांनी सांगितलंय, खेळायला हरकत नाही."

"कागद हाय न्हवं?"

"आहे हो. माझ्या शब्दावर विश्वास नाही का?"

"तसं न्हाई वो," सर ओशाळून म्हणाले. आपल्या माणसाकडे कागद मागितला याचंच त्यांना वाईट वाटलं.

विसाव्या मिनिटाला सिद्धीनं डोक्यानं बॉल मारला आणि तिथंच खाली बसली. उलटी, ॲम्ब्युलन्स, दोन दिवस हॉस्पिटल. नशिबानं ती सावरली. पण कागदाशिवाय खेळवल्याचं बाहेर आलं. पेपरात आलं. जिंकण्यासाठी पोरीचा जीव पणाला लावणारा कोच, असं फेसबुकवर लोक लिहू लागले, आणि मी ते मुकाट्यानं वाचत राहिलो. पाचव्या दिवशी सरांनी राजीनामा दिला. त्यात दोनच ओळी होत्या: कागद न बघता मी तिला खेळवलं. चूक माझी.

तीन आठवडे मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. शेवटी एका रविवारी त्यांच्या घरी गेलो. "या की रमणराव," म्हणत त्यांनी चहा टाकला.

"सर, माझं नाव का नाही सांगितलंत?"

"कागद बघायचं काम माझं होतं. ते मी केलं न्हाई, तेवढंच लिहिलं."

"आणि मी केलं ते?"

"ते तुमचं तुम्ही बघा की," म्हणाले, आणि सिद्धीचं डोकं अजून दुखतं का, विचारू लागले. आवाजात राग नव्हता. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढा मोठ्या मनाचा माणूस माझ्यामुळे मैदानाबाहेर बसला होता.

घरी येऊन सिद्धीला समोर बसवलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

"आय नो, बाबा," ती म्हणाली. "मी कारमध्येच होते. यू हॅड हिम ऑन स्पीकर."

मी विचारलं, "मग शाळेत का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. संडेला कोच हॉस्पिटलमध्ये आले, तेव्हा त्यांना म्हटलं पण. ही सेड नो, बाबांना सांगू दे. चांगला माणूस आहे, सोमवारपर्यंत सांगेल." ती माझ्याकडे बघत नव्हती. "दॅट वॉज फोर मंडेज अगो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी प्रिन्सिपलबाईंच्या दारात उभा होतो.